बडोदं म्हणजे पुतळ्याच्या वाटेवरचं स्टेशन एवढंच उरणार का?

सूरसागरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथं मांडतो.

२०१८ मध्ये सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला, २०२१ मध्ये तिथवर रेल्वे गेली, आणि आपल्या स्टेशनावर देशभरातली माणसं उतरायला लागली. ती आनंदाचीच गोष्ट आहे. पण ही माणसं करतात काय? गाडी बदलतात किंवा टॅक्सी पकडतात, एकता नगरला जातात, संध्याकाळी परत येऊन रात्रीची गाडी धरतात. थोडा वेळ असलाच तर लक्ष्मी विलास पॅलेस, दरबार हॉल, रविवर्म्याची चित्रं, आणि बडोदं संपलं. चार दरवाजांच्या आत, जुन्या शहरात, कुणी पाऊलही टाकत नाही.

आत काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. मांडवी मधोमध, पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. लहरीपुऱ्याबाहेर न्यायमंदिर, १८९६ सालचं, इंग्रज वास्तुरचनाकार रॉबर्ट चिझमच्या हातचं. कोर्ट २०१८ मध्ये नव्या इमारतीत गेलं. इकडे रावपुऱ्याच्या बाजूला दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, भिंतींवर शेकडो चित्रं: कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठ्यांच्या लढाया, मध्येच खुर्चीत बसलेल्या मडमा. एकोणिसाव्या शतकातलं बडोदं स्वतःकडे आणि जगाकडे कसं बघत होतं, ते त्या भिंतींवर आहे. मी गेलो की बहुतेक वेळा तिथला रखवालदार आणि मी, दोघंच असतो.

तांबेकर वाड्याला निदान पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी, नवापुरा इथल्या साध्या वाड्यांना कोण आहे? कोरीव सागवानी खांब, चौक, झोपाळा, आणि आत ऐंशीच्या घरातलं एक जोडपं, मुलं कॅनडात किंवा पुण्यात. दर पावसाळ्यापूर्वी नोटीस, मग बिल्डर, मग जेसीबी. खांब भंगारवाल्याकडून कुठल्यातरी रिसॉर्टच्या लॉबीत जाऊन उभे राहतात.

माझं म्हणणं एकच आहे. बाहेरून येणाऱ्या माणसानं बडोद्यात एक रात्र काढली पाहिजे, आणि त्या रात्रीचा पैसा वाडा टिकवणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. नवा लाइट-शो, नवी कमान, नवी सेल्फीची चौकट यांवर खर्च व्हायच्या आधी जुन्या घरांची छपरं गळायची थांबवायला हवीत. हे कसं जमेल, यावर बोलूया. कुठं काय चुकतंय हेही मोकळेपणानं सांगा.

ओटी_माजघर

सूरसागरकर, तुम्ही लिहिलेलं ते जोडपं म्हणजे आमचे सासू-सासरेच. मी सून, आणि आम्ही बाहेरगावी नाही, इथंच आहोत, त्याच वाड्यात. म्हणून दुसरी बाजू सांगते.

वाडा सुंदर आहे हे आम्हाला येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो. फोटो काढतात, ओट्यावर बसून रील करतात. पण मागच्या सोप्याची तुळई खचली तेव्हा आम्ही एकटेच होतो. सुतार मिळेना. जो मिळाला तो म्हणाला, लाकूड काढा, लोखंडी आय-बीम टाका, दोन दिवसांत मोकळे. सागवानाचा भाव ऐकून शेवटी तेच केलं. दुरुस्तीच्या परवानगीसाठी एका कचेरीत गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, दुरुस्ती कशाला करता, पाडायचा अर्ज द्या, लवकर होईल. हे त्यांनी वाईट मनानं सांगितलं असंही मला वाटत नाही. त्यांच्याकडे पाडायचा फॉर्म होता, दुरुस्तीचा नव्हता.

शिवाय भाऊबंदकी. आमच्या वाड्याला सात वारस आहेत. पाडून फ्लॅट झाले तर वाटणी सोपी. उभा ठेवायचा तर सातांच्या सह्या लागतात, दर खेपेला. आणि खाली दोन जुने भाडेकरू, त्यांचं भाडं इतकं जुनं की महिन्याच्या दुधाचं बिल जास्त येतं. ते भले लोक आहेत, त्यांना काढायचं आमच्या मनातही नाही. पण खर्च कुठून उभा करायचा?

चुनागारा

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून ओटी_माजघर ताईंच्या तुळईबद्दल आधी.

ताई, आय-बीम टाकला म्हणून मन खट्टू करू नका, छत पडण्यापेक्षा बरं. पण त्याच सुताराला किंवा गवंड्याला भिंतीला सिमेंट मारू देऊ नका, एवढं नक्की ऐका. आपल्या वाड्यांचा सांगाडा लाकडाचा, मधली भरती विटांची, गिलावा चुन्याचा. बडोद्याच्या जमिनीत ओल भरपूर. ती ओल विटेतून वर चढतेच. चुन्याचा गिलावा असेल तर वाटेत उडून जाते. सिमेंट लावलं की आत कोंडते, आणखी वर चढते आणि जिथं सिमेंट संपतं तिथून बाहेर पडते. येताना जमिनीतला क्षार घेऊन येते. भिंतीवर पांढरी भुकटी फुललेली दिसते ना, ती तीच. मग लोक म्हणतात, सिमेंट आणखी वर न्या. दोन वर्षांत भुकटी आणखी वर.

लाकडी खांबाचंही तसंच. खांब जमिनीत पुरलेला नसतो, उथाळ्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर टेकलेला असतो, म्हणजे बुंध्याला वारा लागतो. आपण हौसेनं नवी फरशी घालतो, तिची पातळी उथाळ्याच्या वर जाते, खांबाचा पाय फरशीच्या आत गाडला जातो. बाहेरून खांब ठणठणीत, पाय आतून वाळवीनं खाल्लेला. तुमची तुळई खचली असेल तर तिच्या खालच्या खांबाचा पाय आधी बघा. बोटानं वाजवून पाहा, पोकळ आवाज आला तर समजा. तेवढाच फूटभर भाग कापून नवं लाकूड सांधता येतं, आख्खा खांब बदलावा लागत नाही.

चित्रांच्या भिंतीला तर हे फार जपायला हवं. रंगाच्या पापुद्र्यामागं क्षाराचे कण वाढले की पापुद्रा सुटतो, आणि सुटलेलं चित्र पुन्हा काढता येत नाही. त्यात बंद खोलीत गर्दी झाली की माणसांच्या श्वासानंही दमटपणा वाढतो. म्हणूनच अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसंच सोडतात. तांबेकर वाड्यात गर्दी व्हावी असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. तिथं लहान तुकड्यांनीच माणसं गेली पाहिजेत, आधी वेळ ठरवून.

आणि सुतार-गवंडी मिळत नाहीत हे खरं आहे. चुना किती दिवस मुरवायचा, सुरखी (विटांची भुकटी) किती घालायची, हे हाताला ठाऊक असलेले कारागीर थोडे उरलेत. ज्या गावात १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन काढून कारागिरी शिकवायला घेतली, त्याच गावात आज चुन्याचा गवंडी शोधावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं. पर्यटनाच्या पैशातला पहिला वाटा या शिक्षणाला जावा, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याहून

मी बाहेरचा, तरी लिहितो. दिवाळीनंतर आम्ही कुटुंबासह पुतळा बघायला आलो होतो. परतीच्या गाडीला पाच तास होते. टॅक्सीवाल्याला विचारलं काय बघायचं, तो मॉलमध्ये घेऊन गेला. तांबेकर वाडा, न्यायमंदिर हे सगळं आज या धाग्यावर वाचतोय. स्टेशनवर, टॅक्सीत, हॉटेलात कुणीच नाव घेतलं नाही. पाच तासांत पायी काय बघता येईल हे मराठीत कुठं लिहिलेलं आहे का?

ग्रंथ_आणि_गल्ली

पुण्याहून, पुढच्या वेळी या, मी स्वतः फिरवीन. सकाळी लवकर सुरुवात करायची. सूरसागर, न्यायमंदिर, लहरीपुरा दरवाजातून आत मांडवी, विठ्ठल मंदिर. देवउठी एकादशीला आलात तर विठोबाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, बघायला मिळेल, गायकवाडी काळापासून निघतो, आजही सगळा गाव रस्त्यावर असतो. मग मध्यवर्ती ग्रंथालय. हे आवर्जून.

१९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं, गावोगाव पेट्यांतून फिरती वाचनालयं पाठवली. ग्रंथालयाच्या आत मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. लोखंडी मांडण्यांच्या मधून ती हिरवट काच बघितली की माझा पाय आजही निघत नाही. मराठी पुस्तकांचा विभाग तर आपल्या घरचाच.

त्यानंतर कीर्तिमंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथं भिंतींवर गंगावतरण, मीरा, महाभारत चितारलं. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार आपल्या गावात भिंतीसमोर उभा राहून काम करत होता आणि बडोद्यातल्या कितीतरी मुलांनी ते बघितलेलंच नाही. माझी पहिली मागणी पर्यटकांसाठी नाहीच. शहरातल्या प्रत्येक शाळेनं सातवीच्या मुलांना एकदा इथं न्यावं. गावच्याच माणसाला माहीत नसेल तर टॅक्सीवाला काय सांगणार?

अहमदाबादचं उदाहरण समोर आहे. तिथल्या महापालिकेनं १९९७ मध्ये सकाळची वारसा-फेरी सुरू केली, काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, ते जागतिक वारसा शहर झालं. सुरुवात पायी चालण्यानं झाली होती.

दुसरी_बाजू

अहमदाबादचं कौतुक मलाही आहे. पण एक भीती आहे ती मांडतो. आज आपल्या पोळांत, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांत, माणसं राहतात म्हणून त्या जिवंत आहेत. उद्या चार वाड्यांची हॉटेलं झाली, दहा कॅफे आले, की जागेचे भाव चढतील. ओटी_माजघर ताईंच्या घरातले ते दोन जुने भाडेकरू सगळ्यात आधी बाहेर पडतील. मग वाडे राहतील, गाव राहणार नाही. रात्री अकरापर्यंत गाणी, पार्किंगला जागा नाही, म्हाताऱ्यांना ओट्यावर बसायची चोरी. राजस्थानातल्या काही जुन्या गल्ल्यांत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पर्यटन नको असं म्हणत नाही. पण 'एक रात्र मुक्काम' म्हणताना कुणाच्या घरी आणि कुणाच्या अटींवर, हे आधी ठरू द्या.

ओटी_माजघर

दुसरी_बाजू, तुमची भीती बरोबर आहे. म्हणूनच मला हॉटेल नको, घर हवं. आमच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत. माणूस आला, रात्री राहिला, सकाळी आमच्यासोबत चहा-पोहे घेतले, दुपारी वरण-भात, अळूची भाजी, पोळी, एवढंच. खाली भाडेकरू आहेत तिथंच राहतील. राज्याचं होमस्टेचं धोरण आहे, त्यात घरगुती दरानंच वीज आणि घरपट्टी लागते हे मला अलीकडेच कळलं. मग अडतं कुठं? अडतं ते बाथरूमवर! वाड्यात शेवटी शौचकूप मागच्या अंगणात. माडीवर नळ आणि निचरा नेणं हाच सगळ्यात मोठा खर्च, आणि तो चुकीचा झाला तर चुनागारा म्हणतात ती ओल थेट भिंतीत. याला कुणी नीट सल्ला दिला तर आम्ही उद्या सुरू करू.

चुनागारा

ताई, माडीवरचा नळ भिंतीच्या पोटात कधीच नेऊ नका. मागच्या भिंतीबाहेरून, उघडा, दिसेल असा. गळला तर त्याच दिवशी कळतो. बाथरूम शक्यतो जुन्या खोलीत न करता मागच्या सज्जावर स्वतंत्र सांगाड्यावर उभी करायची, म्हणजे तिचं वजन आणि पाणी दोन्ही वाड्यावर येत नाही. मी येऊन बघून जातो, फी-बी काही नाही.

माची_ते_माथा

मी चांपानेरच्या बाजूचा, पर्यटकांना फिरवणारा माहितगार म्हणून काम करतो. मंडळी, तुमचं सगळं बोलणं चार दरवाजांच्या आत चाललंय, म्हणून जरा पन्नास किलोमीटर इकडे ओढतो.

आमच्याकडे उलटी गोष्ट आहे. गर्दी कमी नाही, गर्दी नको तितकी आहे, पण एकाच जागी. पावागडावर कालिकामातेला लाखो भाविक येतात. नवरात्रात माचीच्या, म्हणजे गडाच्या मधल्या टप्प्याच्या, रस्त्यावर मुंगीला वाट मिळत नाही. माणूस बसमधून उतरतो, रोपवेनं वर जातो, दर्शन घेतो, खाली येतो, बसमध्ये बसतो. खाली, पायथ्याशी, २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं एक आख्खं शहर, चांपानेर, पडलंय, मुख्य क्षेत्रच १३२९ हेक्टरचं, तिकडे त्यातले फार थोडे वळतात.

गुजरातचा सुलतान महमूद बेगड्यानं १४८४ मध्ये पावागड घेतला आणि खाली राजधानी वसवली. १५३५ मध्ये हुमायून आला, दरबार पुन्हा अहमदाबादला गेला आणि शहर ओस पडलं. त्यावर नवं शहर उभं राहिलं नाही म्हणून रस्ते, वेशी, तलाव, बागा, पाण्याची टाकी असा त्या काळचा आराखडा जमिनीवर वाचता येतो. जामा मशिदीच्या सज्जांतली जाळी, सर्पिल वावेचा (पायऱ्यांच्या विहिरीचा) भिंतीला चिकटून गोल उतरणारा अरुंद जिना, आणि गडावर लकुलीशाचं दहाव्या-अकराव्या शतकातलं देऊळ. हिंदू, जैन, इस्लामी, सगळं एका डोंगराच्या अंगाखांद्यावर.

हे यादीत आणायला बडोद्याच्या हेरिटेज ट्रस्टनं आणि वास्तुरचनाकार करण ग्रोव्हर यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. यादीत आलं, पण आमच्या गावाला काय मिळालं हे विचारलं तर उत्तर अवघड आहे. गाव वारशाच्या आतच आहे. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. नियम योग्यच आहे, नाहीतर मशिदीला टेकून मजले चढले असते. पण घराचं छप्पर बदलायलाही हेलपाटे, आणि येणारा पैसा मात्र माचीवरच्या प्रसादाच्या दुकानात आणि बडोद्याच्या हॉटेलात. ज्याच्यावर बंधन, त्यालाच कमाई नाही. मग त्याला या दगडांबद्दल प्रेम कसं वाटावं?

माझी मागणी साधी आहे. माचीवर जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या पायथ्याशी थांबाव्यात, वर फक्त बस. त्या थांब्यापासून मशिदीपर्यंत, तलावापर्यंत सायकल, बैलगाडी, पायवाट, आणि सांगायला गावातलीच शिकवलेली पोरं. दर्शनाला आलेल्यातला दहावा माणूस जरी दोन तास खाली फिरला तरी गावाचं चित्र पालटेल. जेवायला मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ आमच्या घरी.

विश्वामित्री_काठ

माची_ते_माथा यांनी पावागडाचं नाव काढलं म्हणून नदी आठवली. विश्वामित्री तिथंच उगम पावते आणि आपल्या शहराच्या मधून जाते. महानगराच्या मध्यातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी माणसांच्या शेजारी राहतात, असं गाव देशात दुसरं शोधून दाखवा. हा वारसा दगडाचा नाही म्हणून यादीत कुणी धरत नाही.

पर्यटन म्हटलं की लगेच 'रिव्हरफ्रंट' हा शब्द येतो. दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती, वर फरशी, दिवे. मगर अंडी घालते ती काठच्या मातीत. भिंत झाली की ती कुठं जाणार? आणि पाणी कुठं पसरणार? ऑगस्ट २०२४ मध्ये आपण सगळ्यांनी भोगलंय, घरात कमरेएवढं पाणी आणि रस्त्यावर मगरी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०२१ मध्येच नदीची हद्द आखा, अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं होतं. घळी आणि तळी बुजवल्याची किंमत आपण मोजली.

दुसरी_बाजू

विश्वामित्री_काठ, नदीबाबत तुमच्याशी सहमत, पण समा-सावली भागातल्या लोकांना विचारा, त्यांना भिंतच हवी आहे. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला मगरीची अंडी सांगून पटत नाही.

विश्वामित्री_काठ

मान्य आहे, माझ्या बहिणीचं घरही पाण्यात होतं. म्हणूनच म्हणतो, भिंतीनं आपल्या घरासमोरचं पाणी अडेल आणि पुढच्या वस्तीत दुप्पट जोरानं शिरेल. गाळ काढणं, बुजवलेली तळी मोकळी करणं, आजवा सरोवरातून पाणी सोडण्याचं वेळापत्रक, हे आधी. पर्यटकासाठी म्हणाल तर सयाजीबागेच्या पुलावर सावलीची जागा, दुर्बीण आणि माहिती सांगणारा एक माणूस पुरे. हिवाळ्यात सकाळी मगरी उन्हाला काठावर येतात तेव्हा तिथं आधीच गर्दी असते. काहीच बांधायला नको.

सूरसागरकर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माझ्या मूळ म्हणण्यात दोन गोष्टी बदलतो.

एक, 'दुसरी_बाजू' यांचं म्हणणं बिनशर्त मान्य. २०२० च्या राज्याच्या वारसा-पर्यटन धोरणात १९५० पूर्वीच्या इमारतींचं हॉटेल, संग्रहालय, उपाहारगृह करायची मुभा दिली होती. मोठ्या हवेल्यांना ते ठीक. पण पोळांत राहत्या घरातला मुक्काम आणि जुना भाडेकरू जागेवर, हीच अट हवी. भाडेकरू काढून केलेल्या मुक्कामाला आपण तरी कुणाला पाठवायचं नाही.

दोन, चांपानेर आणि शहर वेगळं धरायला नको. पहिला दिवस चार दरवाजे, रात्री वाड्यात मुक्काम, दुसऱ्या दिवशी चांपानेर किंवा डभोई. डभोईचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. तिथल्या हिरा भागोळ या वेशीचं कोरीव काम आहेच, पण १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या वेळी मियागामपासून डभोईपर्यंत रुळांवरून बैलांनी ओढलेली गाडी धावली, देशातली पहिली अरुंद रेल्वे. आता त्याच डभोईवरून एकता नगरच्या गाड्या सुसाट जातात. एक थांबा, अर्धा दिवस, एवढं मागायला काय हरकत आहे?

आता काम. ओटी_माजघर ताईंच्या दोन खोल्यांपासून सुरुवात करू. चुनागारा बघून येतील, खर्चाचा अंदाज इथंच टाकतील, मग बाथरूमपुरते पैसे आपण मंडळी बिनव्याजी उभे करू, मुक्कामाच्या उत्पन्नातून परत. ताईंच्या साती वारसांची संमती लेखी असेल तरच. ग्रंथ_आणि_गल्ली यांनी पायी फेरीचा मजकूर मराठी, गुजराती, हिंदीत लिहावा, एका पानात बसेल असा, म्हणजे स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांना वाटता येईल.

आणि येत्या रविवारी सकाळी सातला न्यायमंदिरासमोर जमूया. दांडिया बाजारच्या एकाच गल्लीतल्या वाड्यांची नोंद करायची आहे: किती मजले, कोण राहतं, खांबांचे पाय फरशीच्या वर आहेत की आत, छप्पर गळतं का, घरमालकाला मुक्काम द्यायचा आहे का. घरात शिरण्याआधी विचारायचं, फोटो परवानगीशिवाय नाही. माची_ते_माथा, तुम्ही आलात तर फार बरं, पोरांना माहितगार म्हणून कसं तयार करता ते आम्हाला शिकायचंय.

माची_ते_माथा

रविवारी मला गडावर फेरी आहे, दुपारी दोननंतर मोकळा. माझी दोन पोरं सकाळच्या बसनं पाठवतो, त्यांनाही शहर बघायचंय. त्यांना मराठी कळते, बोलताना गुजराती येईल.

ओटी_माजघर

पोरांचं जेवण आमच्याकडे. चुनागारा, शनिवारी संध्याकाळी या, सासरे घरी असतात, खांबाचे पाय कुठं उघडे आहेत ते तेच दाखवतील.